चौथ्या उंबऱ्यापर्यंत

३ फेब्रुवारी

पोरी,

काल मी तुमच्या त्या घराच्या दारात पाऊण तास उभी होते. तुला कोणी सांगितलं की नाही, देव जाणे. दारावरचा माणूस अनवाणी, पायाची नखं वाढलेली, आणि मला सांगतो, "चपला काढा, मन हलकं होतं." मी म्हटलं, माझ्या मनाचं राहू द्या, माझ्या मुलीला बोलवा. तर हसला. पेशंट गेल्याचं नातेवाइकांना सांगायच्या आधी डॉक्टर हसतात तसलं गोड हसू.

म्हणाला, ती पाचव्या उंबऱ्याच्या आत आहे. आतल्या चौकात जायचं तर आधी चार उंबरे, म्हणजे त्यांच्या चार परीक्षा, ओलांडलेल्या हव्यात. मी म्हटलं, मी तिची आई आहे. म्हणाला, "आत कोणी कोणाची आई नसतं." त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. दिली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं असशील ते मला ठाऊक आहे. एक चापट. आख्ख्या जन्मात एक चापट मारली, ती धुलाईघरात सगळ्यांसमोर बसली म्हणून तुला झोंबली. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी तू बाळंतिणींच्या गठ्ठ्यात टाकल्यास आणि ड्रायरच्या काचेकडे बघत बसलीस. माझ्या जागी कोणीही मारली असती. त्यावर तीन वर्षं तोंड दाखवायचं नाही, हे जरा जास्तच झालं.

तुझा सातवा उंबरा एक ऑक्टोबरला आहे म्हणे. त्यानंतर नाव टाकायचं, नातं टाकायचं, पत्रही आत यायचं नाही. म्हणजे माझ्याकडे आठ महिने आहेत. मी तिथंच नाव घातलं. चार उंबरे ओलांडते, आत येते आणि तुला मनगट धरून बाहेर काढते. देव वगैरे मला नको आहे.

दारावरचा शपथेवर सांगतो की पत्रं ते फोडत नाहीत. मी स्टार्चची खळ लावून पाकीट दोनदा चिकटवलंय.

आणि तुमच्या घराला वास येतो. धुपाचा नव्हे, धुपाखालचा. ओल्या सतरंजीचा. बावीस वर्षं मी दवाखान्यातली घाण धुतेय, मला धुपानं फसवू नये.

आई

२६ फेब्रुवारी

पोरी,

पहिला उंबरा झाला. काय तर म्हणे दोर.

बोटाएवढा जाड दोर हातात देतात. ज्याचा ज्याचा राग आहे त्याच्या नावानं एकेक गाठ मारायची. मग रोज थोड्या सोडायच्या, तोंडातून शब्द न काढता. कापायचा नाही, दातानं ओढायचा नाही. माझ्या शेजारी एक मास्तर बसतो. शाळेतून निवृत्त झालाय, बायको वारली, घरी करमत नाही म्हणून आलाय. तो चार गाठींवर थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. माझ्या एकवीस झाल्या होत्या. त्याने विचारलं, "अजून आहेत?" मी म्हटलं, "माणसं आहेत, दोर संपला."

पायजम्याला नाडी ओवायची सुई असते ना आपली, तिनं मी दुसऱ्या दिवशीच सगळ्या गाठी उसवल्या आणि दोर थोरल्यांपुढं टाकला. थोरले म्हणजे कोणी दाढीवाला साधू असेल असं मला वाटलं होतं. हा तर गुळगुळीत दाढी केलेला, शर्ट खोचलेला, पूर्वी विमा विकत असावा तसा बोलणारा. हात मऊ आणि ओलसर. काम न केलेला हात मला बघवत नाही. दोर चाचपून म्हणाले, "घाई केलीत." आणि एकवीस गाठी स्वतः मारून परत दिला.

मग सुई घरी ठेवून बसले. तुझ्या बापाची गाठ पटकन सुटली, मेलेल्या माणसाशी किती भांडणार. सुपरवायझरची सुटली. तुझी गाठ होती का म्हणशील, तर होती. तिला सहा दिवस लागले. बोटं दुखली, दुसरं काही झालं नाही.

मग ठेंगण्या दारातून वाकून आत जायचं, डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन. एकच ओढणी, सगळ्यांना तीच. चाळीस डोक्यांचं तेल त्या कापडात मुरलेलं, कडेला तर पिवळं कडक झालेलं. नाक दाबून आत गेले. आत गेल्यावर लोक रडत होते. मला फक्त ते कापड गरम पाण्यात बुडवावंसं वाटत होतं.

धुलाईतली इस्त्रीवाली विचारत होती, "काय गं, साध्वी झालीस का?" मी म्हटलं, "अजून अंघोळ करते, म्हणजे नाही."

आई

१८ एप्रिल

पोरी,

दुसऱ्या उंबऱ्याला आरसा देतात, पण दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा केलेला. तो पुसायचा नाही. रोज अर्धा तास समोर बसायचं आणि त्या काजळीतून आपलं तोंड दिसलं की सांगायचं.

मी घरी नेला आणि सोडा लावून लख्ख घासला. डागाची वस्तू समोर ठेवून गप्प बसणं माझ्या हाताला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्यांना म्हटलं, दिसलं तोंड, पुढचं सांगा. मास्तराला खोकल्यासारखं हसू आलं. थोरल्यांनी काच परत दिव्यावर धरली. पाच मिनिटं धरली, माझ्यासमोर, आणि काळी करून हातात दिली. त्या क्षणी ती त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं होतं, तेही लिहून टाकते.

दीड महिना काळ्या काचेपुढं बसले. लोकांना तिथं काय काय दिसतं. एकाला प्रकाश, एकीला तिची वारलेली सासू. मला काजळी दिसायची. ओठांवरून जीभ फिरवत डोळे मिटून बसलेली ती माणसं पाहिली की मळमळायचं. आमच्या मळक्या चादरी निदान काही सोंग करत नाहीत.

मागच्या गुरुवारी ऊन खिडकीतून तिरकं आलं आणि काचेत जबडा दिसला. नुसता जबडा, पुढं आलेला. कुठं तरी पाहिलाय म्हणून मी नीट बघत राहिले. मग कळलं, मी ओरडताना असाच असणार. त्या दिवशी मास्तराने माझी काच हलवली म्हणून मी त्याच्यावर खेकसले होते आणि तोंड अजून तसंच राहिलं होतं. आजवर मला वाटायचं की रागावले तरी मी माणसासारखी दिसते.

घाणीची मला किळस येत नाही, तुला माहीत आहे. माणसाच्या पोटातून जे जे बाहेर पडतं ते सगळं या हातांतून गेलंय. पण तो जबडा पाहून मी उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

थोरल्यांना सांगितलं, दिसलं. त्यांनी काय दिसलं ते विचारलं नाही. एवढी एक गोष्ट त्यांची बरी.

तुझ्यासमोर तो जबडा होता. चापट एक नव्हती, दोन होत्या. दुसरी तू तोंड वळवलंस तेव्हा.

आई

१६ जून

पोरी,

आज तिसरा उंबरा सुरू झाला. तूही केला असशील. अंडं.

दारावरचा टोपलीतून एकेकाला एकेक कोंबडीचं अंडं देतो आणि गळ्यात अडकवायची कापडी पिशवी. चाळीस दिवस छातीशी ठेवायचं. झोपताना उशाशी. फुटलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमोर फोडायचं आणि आतून काय निघतं ते थोरले वाचणार. थोरले म्हणाले, "हे तुमचं अजून न जन्मलेलं मन." मी म्हटलं, "अहो, या उकाड्यात दहा दिवसांत सडेल." ते म्हणाले, "सडू द्या. तेही बघायचंय."

तीस माणसं छातीशी सडकी अंडी बांधून गावभर हिंडणार, आणि ती मनाची म्हणे.

पहिल्यापासून सुरू करायला माझ्याकडे दिवस नाहीत. चाळीस दिवस म्हणजे सव्वीस जुलै. एकदा जरी फुटलं तर सप्टेंबर उजाडतो आणि चौथा उंबरा हुकतो. दिवसाला दोनशे गठ्ठे मी छातीवर घेऊन उचलते, त्यात कच्चं अंडं कसं टिकणार? म्हणून घरी आले आणि उकडलं. बारा मिनिटं, मीठ टाकून, म्हणजे कवच तडकत नाही. गार केलं, पुसलं, पिशवीत ठेवलं.

हे कोणाला सांगू नकोस.

आई

२७ जुलै

पोरी,

काल अंडी फोडली. ऐकायची तयारी असेल तर वाच, जेवताना वाचू नकोस.

खोली बंद, पंखे बंद, मध्ये पितळेची परात. पहिल्या बाईचं अंडं टोचल्याबरोबर फट्कन उडालं, तिच्याच तोंडावर. हिरवट काळं पाणी. असा वास मी शवागाराच्या चादरींनाही घेतलेला नाही. आणि ही माणसं मान डोलावतायत. थोरले म्हणाले, "किती दिवसांचं आत कोंडलं होतं बघा." ती बाई रडत रडत हसत होती, हनुवटीवरून ते ओघळत होतं. मला रुमालसुद्धा पुढं करू देईनात. मास्तराच्या अंड्यातून तर अर्धं सुकलेलं, अर्धं सडलेलं असं काही निघालं, तो हात जोडून बसला. म्हातारा माणूस, कोणाचा कोण, आणि त्या परातीपुढं हात जोडून.

माझा नंबर आला. टोचलं, काही नाही. परातीच्या काठावर आपटलं तेव्हा कवच फुटलं. आत राखाडी झालेला घट्ट गोळा. घरंगळत परातीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. थोरले वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "स्थिर झालं."

मी म्हटलं, "उकडलेलं आहे ते."

"हो," ते म्हणाले, "तुम्ही उकळून निघालात."

"अहो, गॅसवर. भांड्यात. मी लबाडी केलीय."

त्यांनी डोळे मिटले. मागून कोणी तरी माझ्या पायांना हात लावला. मी पाय झाडला. पोरी, त्या खोलीत मी खरं बोलले आणि खऱ्याला तिथं ठेवायला जागाच नव्हती. मला वर चढवलं. चौथ्याला पात्र.

आता दुसरं सांगते, तेही आवडत नाहीये मला. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं की ते उकडलेलं आहे. आपटलं तरी काही होणार नव्हतं. तरी चार-पाच दिवसांनी हात आपोआप पिशवीवर जायला लागला. गठ्ठा छातीवर न घेता मी कमरेवर घ्यायला लागले. बसमध्ये रेटारेटी करत नव्हते. एक दिवस इस्त्रीवालीनं गरम पाण्याची बादली माझ्या पायावर सांडली, माझा हात वर गेला, आणि मध्येच पिशवीला धरून थांबला. ती बघतच राहिली. म्हणाली, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, पाय भाजलाय, बरी कशी असेन. पण मी तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. कुजलेल्या उकडलेल्या अंड्यासाठी, जे मीच उकडलं होतं.

स्वतःचा हात आपल्याला न विचारता बदलतो याची मला शिसारी येते. वंगण लागल्यासारखं वाटतं. धुतलं तरी जात नाही.

आई

९ ऑगस्ट

पोरी,

मी खोट्यावर वर चढलेय, म्हणून एक खरं लिहून ठेवते. हे कोणत्या उंबऱ्याचं नाही.

दुसरी चापट कानावर बसली होती. डाव्या. ओल्या हाताची. सकाळी तुझ्या उशीच्या अभ्र्यावर रक्त होतं, रुपयाएवढं. तू उठायच्या आत मी तो अभ्रा गार पाण्यात बुडवला. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग बसतो, मी दहा मुलींना शिकवलंय हे. मीठ लावलं, चोळला, वाळत घातला. तू विचारलंस, "माझी उशी उघडी का?" मी म्हटलं, घामट झाली होती.

चार दिवसांनी तुला डॉक्टरकडे नेलं. तू बोलायच्या आधीच मी बोलले, लहानपणापासून कान वाहतो हिचा. त्याने लिहून घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. त्यानंतर डावीकडून हाक मारली की तू वळत नव्हतीस, आणि मी इस्त्रीवालीला म्हणायचे, माजलीय.

मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

याचं उत्तर मागत नाही.

आई

५ सप्टेंबर

पोरी,

पाकीट बंदच पोचतं हे तू सांगितलंस म्हणून उघड लिहिते.

चौथ्याचा नियम थोरल्यांनी आधी सांगितला होता. डोळे बांधून ओळीत बसायचं, बोलायचं नाही. सहाव्या उंबऱ्याची माणसं आतल्या चौकातून येणार आणि एकेकाच्या मागं वाकून डाव्या कानात शब्द सांगणार. मग थोरले प्रत्येकाला विचारणार, शब्द मिळाला का. ज्याला मिळाला नाही तो तसाच घरी. आणि ज्याने द्यायचा होता त्याच्याकडे तो नव्हताच असं धरतात, त्यालाही त्याच दिवशी घराबाहेर काढतात. "रिकाम्या माणसाला आत जागा नाही," असं म्हणाले.

डावा कान म्हटल्याबरोबर मी दाराकडे वळले होते. तरी मी बसले. माझं ठरलंच होतं, डोळ्यावरचं काढलं की तुला शोधायचं आणि मनगट धरायचं.

पट्टीला कोणाच्या तरी नाकाचा वास येत होता. गुडघे सतरंजीच्या ओलीत. पावलं आली. माझ्या खांद्यावर बोटं टेकली आणि मला कळलं. आईला कळतं वगैरे काही नाही. तू लहानपणापासून तोंडानं श्वास घेतेस.

तू नेमलेली होतीस की मुद्दाम माझ्यामागं आलीस, मला माहीत नाही. तू काय बोललीस ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी चुकले असेन तर तुला कळेल. "आई, पत्रं मिळाली. बंदच मिळाली. कानाचं वाचलं." मग म्हणालीस, "मला शब्द माहीत नाही. मला पण डाव्याच कानात सांगितला होता. मी मिळाला म्हणून सांगितलं." मग बराच वेळ नुसता तुझा श्वास. मग, "सांगायचं तर सांग."

आणि गेलीस.



थोरले एकेकापुढं येत होते. मिळाला, मिळाला, मिळाला. मास्तर हुंदके देत म्हणाला, मिळाला. त्यांना खरंच काही मिळालं की तुझ्यासारखंच तेही हो म्हणत होते, आता मला कोणाचाच भरवसा नाही. माझ्याकडे पाच माणसांएवढा वेळ होता. मी 'नाही' म्हटलं की काम फत्ते. तासाभरात तू रस्त्यावर, तुझी पिशवी तुझ्या हातात, आणि बाहेर मी उभी. फेब्रुवारीपासून याचसाठी मी ती ओढणी घेतली, काजळी खाल्ली, सडकं अंडं छातीशी बाळगलं. खोटंही बोलायचं नव्हतं मला. खरंच तर मिळाला नव्हता.

आणि तुला बाहेर यायचंच नसेल तर? मुलीला ओढून आणायचं, आणि परत तिच्या कानाच्याच जोरावर. कान मीच फोडायचा आणि तोच धरून घरी आणायचं. ते मनात आल्याबरोबर तोंडाला अशी घाण चव आली की मला वाटलं, इथंच ओकीन.

थोरल्यांनी विचारलं, "शब्द मिळाला?"

मी म्हटलं, मिळाला. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी परत विचारलं. मला परत म्हणावं लागलं.

पट्टी काढली तेव्हा तुम्ही सगळे आत गेला होतात. चार उंबरे ओलांडून तुझं तोंड काही दिसलं नाही. थोरले पाचव्याचा दोरा बांधायला आले, मी हात मागं घेतला. म्हणाले, "तुमची वाट आत्ता कुठे सुरू होतेय." मी म्हटलं, "धुलाई तुंबलीय. आणि ती ओढणी उकळा, निदान महिन्यातून एकदा." मास्तराचा निरोप घेतला. तो म्हणाला, जाऊ नका, मला तुमचा आधार वाटतो. माझा आधार. मी त्याला खेकसून काही बोलणार होते, पण नुसतं म्हटलं, जेवत जा वेळेवर.

इस्त्रीवालीनं विचारलं, "पोरगी आणलीस?" नाही म्हटलं. "मग इतके महिने तिथं काय केलंस?" ती भोचक आहे, पण विचारलं ते बरोबर. मी बदललेय असं ती सगळ्यांना सांगत फिरते. मला ते ऐकवत नाही. मी तीच आहे, फक्त आता मला माझी किळस येते तेव्हा कारण ठाऊक असतं.

'सांगायचं तर सांग' म्हणालीस ते मला तपासायला, की तुला खरंच बाहेर यायचं होतं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं? तीन दिवस हेच घोळतंय. दुसरं असेल तर मी तुला तिथं ठेवून आले. त्याला आता मी काय करू? तुझ्या वतीनं मी परत काही ठरवणार नाही, एवढंच मला करता आलं. एक तारखेला अजून सव्वीस दिवस आहेत. सातव्याच्या आत जायचं तर जा. मी दारात येऊन तमाशा करणार नाही.

एक मात्र सांगते. बाहेर पडताना मी मोठं दार नीट पाहिलं. त्याला कुलूप नाही, बाहेरून काहीच नाही. कडी आहे ती आतल्या बाजूला. लोखंडी आहे, गंजलीय, सरळ ओढली तर अडकते. आधी वर उचलायची, मग ओढायची.

आई